ढोर दवाखान्यात विचारायची गोष्ट

आमच्या घरी पामेरियनचं पिल्लू आलं ते राज्याची वाटणी झाली म्हणून. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आपण मध्य प्रदेशातच राहणार आणि राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार, हे छप्पन सालच्या त्या पावसाळ्यात आमच्या सौसरमध्ये सगळ्यांना कळून चुकलं होतं. माझे यजमान तहसील कचेरीत कारकून होते. त्यांच्या साहेबांची बदली भोपाळला झाली. तिथे राहायला घर मिळेल की नाही याचाच भरवसा नव्हता, म्हणून साहेबांच्या पत्नीनं सामान आवरता आवरता ते पांढरं, फुटलेल्या बोंडासारखं पिल्लू उचललं आणि माझ्या ओटीत ठेवलं.

"तुम्हाला तेवढीच सोबत होईल," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माझे कान तापले. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं, आणि ओटीत हे असं. खोलीत आणखी दोघी-तिघी निरोप द्यायला आलेल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलेलं मी पाहिलं.

निघताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मादी आहे हं. ही जात लहान, लवकर वयात येते. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करतात, त्याचं वेळेवर बघा. गल्लीतला मोठा कुत्रा लागला तर पिल्लं अडतात. आमची एक अशीच गेली."

मी हो म्हटलं. घरी येईपर्यंत एकच विचार होता, की हे आता कुणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचं.

यजमानांना सांगितलं तर ते चपला काढता काढता थांबले. "हे मी कोणाला विचारू? अर्धं सौसर कचेरीत येतं. उद्या हसतील लोक."

"मग मी विचारू?"

शेवटी आम्ही दोघंही गेलो, पिल्लू पिशवीत घालून, जणू काही भाजी आणायला निघालोय असे.

ढोर दवाखान्याच्या अंगणात त्या दिवशी बैलच बैल होते. बोरगावकडचे शेतकरी दोर धरून उभे होते. मी सोडून तिथे बाई नव्हती. डॉक्टर नागपूरकडचे, चांगले शिकलेले, पण रोज बैलांच्या हंबरण्यात बोलून बोलून त्यांचा आवाज मोठा झाला होता.

"काय झालं हिला?"

"काही नाही," यजमान म्हणाले. "पुढचं जरा विचारायचं होतं."

"पुढचं म्हणजे?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला ठोकलेल्या नालाकडे पाहत राहिले.

"असं होय! पिल्लं होऊ नयेत म्हणून!" डॉक्टर म्हणाले. अंगणातली सगळी डोकी वळली. एका शेतकऱ्यानं विचारलं, "कुत्रीले बी खच्ची करता का जी, डॉक्टरसाहेब?" आणि सगळे हसले. यजमानही हसले, उगीचच, आणि मला त्यांच्या त्या हसण्याची जास्त लाज वाटली.

"माज आला का हिला अजून? रक्त दिसलं का कुठं?" डॉक्टरांनी सरळ मला विचारलं. सासूपुढेसुद्धा जे शब्द मी तोंडातल्या तोंडात बोलायची, ते या पुरुषांच्या घोळक्यात. मी फक्त नाही अशी मान हलवली.

मग मात्र त्यांनी आवाज खाली आणला. बहुतेक माझा चेहरा पाहून. पिल्लाला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, आणि नीट समजावून सांगितलं. एक तर पहिला माज यायच्या आधी करायचं. नाही तर माज येऊन गेल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्यायचे. मधे हात लावायचा नाही, कारण तेव्हा आतल्या शिरा रक्तानं फुगलेल्या असतात.

"मग आत्ताच करून टाका ना," यजमान म्हणाले.

"कसं करू? मी बैल-म्हशींचा माणूस. ही माझ्या मुठीएवढी. हिला भूल किती द्यायची याचीच मला भीती वाटून राहिली. थोडं अंग धरू द्या. पोळा झाला की आणा. नागपूरच्या एका मित्राला विचारून ठेवतो." आणि जरा थांबून म्हणाले, "तोवर मी इथं असलो तर. माझंही नाव तिकडे, नागपूरच्या बाजूला गेलंय. हुकूम आला की निघावं लागेल."

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी विहिरीवर पोचली असावी. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या लोधीखेड्याच्या शेतकरी घरातल्या, यजमान लहान असतानाच विधवा झालेल्या. बोलायचं झालं की समोरच्याकडे न बघता बोलायच्या. सुपाकडे बघत म्हणाल्या,

"घरात पाळणा हालला नाही, आन् तुम्ही मुक्या जनावराची कूस काढून राहिले. लोक काय म्हणतीन?"

यजमान आत निघून गेले. मी पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. पिल्लानं डोकं बाहेर काढलं होतं.

पोळा झाला. कुणीही विषय काढला नाही. मी यजमानांची वाट पाहत होते, ते बहुधा माझी. डॉक्टरांचा हुकूम आला आणि एका सकाळी त्यांची ट्रंक बैलगाडीतून स्टेशनकडे जाताना मी खिडकीतून पाहिली. दवाखान्यात फक्त कंपाउंडर उरला. नवे डॉक्टर भोपाळहून येतील म्हणत, ते काही येईनात.

दिवाळीच्या तोंडावर ती माजावर आली. सासूबाईंनीच फरशीवरचे ठिपके आधी पाहिले. मी त्या दिवसांत बाहेरची होते, मागच्या पडवीत वेगळी बसलेली. सासूबाईंनी तिला आणून माझ्याच कोपऱ्यात बांधलं. "दोघी बी इथंच राहा," म्हणाल्या. फराळाचं ताट घेऊन येणाऱ्या शेजारणी पडवीत डोकावायच्या, माझ्याकडे बघायच्या, तिच्याकडे बघायच्या. मी गुडघ्यात डोकं घालून बसायची. ती बिचारी माझ्या पायाशी अंग चाटत पडलेली असायची. तिला कसली लाज नव्हती.

मी न्हाऊन पुन्हा घरात आले तोवर दारापुढे कुत्री जमली होती. बाजारातली, स्टेशनवरची, कुठून कुठून आलेली. दगड मारले की पांगायची आणि पुन्हा यायची. नवं राज्य झालं त्या दिवशी शाळेत झेंड्याचा कार्यक्रम होता. तिथून यजमान कचेरीतल्या मंडळींना घेऊन चहाला आले, तर दारात ही फौज. एक जण म्हणाला, "बाबूजी, नव्या राज्याची बारात तर तुमच्याच दारी आली." सगळे खो खो हसले. यजमानांनी मला आतून कप मागितले तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. मी कप दाराआडूनच पुढे केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तपकिरी, दांडगा कुत्रा मागच्या भिंतीवरून आत उतरला. मी विहिरीवर गेले होते. आले तेव्हा सासूबाई धोपाटणं हातात घेऊन अंगणात उभ्या होत्या, पदर खाली पडलेला, धाप लागलेली. पिल्लू तुळशीच्या ओट्यामागे थरथरत होतं.

"लागला का?" मी विचारलं. एवढा एकच शब्द, पण तोसुद्धा मी सासूबाईंपुढे पहिल्यांदाच उच्चारत होते.

"मले नाही समजलं माय," त्या म्हणाल्या. "मी आली तवा दोघं बी ओट्याजवळ होते."

मग वाट पाहणं आलं. आणि विहिरीवरच्या बायकांना नवा विषय मिळाला. "काय वं, राहिलं का?" एकीनं विचारलं. हाच प्रश्न, याच विहिरीवर, याच शब्दांत इतकी वर्षं मला विचारला जायचा. मी घागर भरता भरता थांबले. आता हा माझ्याबद्दल की तिच्याबद्दल, तेच मला कळेना. "कुत्रीचं म्हणते मी," ती बाई म्हणाली आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी अर्धी घागर घेऊन घरी आले.

सासूबाई रोज सकाळी पिल्लाच्या पोटावरून हात फिरवायच्या. कधी कधी त्यांची नजर तिथून उठून माझ्याकडे यायची आणि लगेच खाली जायची.

महिना झाला तेव्हा मीच म्हटलं की नागपूरला दाखवून आणू. यजमानांना सुटी नव्हती. कचेरीतले अर्धे कागद इकडे, अर्धे तिकडे जाऊन राहिले होते. मी एकटी कशी जाणार म्हणून गप्प बसले, तर चुलीपुढून आवाज आला, "मी येते."

छोट्या रुळांच्या आगगाडीतून आम्ही दोघी निघालो. पिल्लू टोपलीत, वर जुनं लुगडं झाकलेलं. गाडीत नेहमीसारख्या संत्र्याच्या पाट्या होत्या. राज्य कुठे बदललं ते मला काही दिसलं नाही. सासूबाई सगळी वाट खिडकीबाहेर बघत होत्या.

सौसरच्या डॉक्टरांचे ते मित्र, तेही ढोरांचे डॉक्टर, वयस्कर होते; पत्ता कंपाउंडरनं दिला होता. त्यांनी बराच वेळ पोट दाबून पाहिलं. "काही नाही," ते म्हणाले. "राहिलं नाही." हा शब्द माझ्या अंगातून गेला. मी खाली बघितलं.

"आता घाई करू नका. संक्रांतीनंतर आणा, तेव्हा करून टाकू. अंगही भरेल तोवर," डॉक्टर म्हणाले. "मात्र काही लोक म्हणतात, एकदा तरी व्यायला पाहिजे, मग ऑपरेशन करावं. तुमचा काय विचार आहे?"

मी काही बोलणार नव्हतेच. पण सासूबाई टेबलाजवळ गेल्या. या वेळी त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलल्या.

"काऊन व्यायला पाहिजे जी? असा काही नेम हाय का? माझं पहिलं लेकरू अडलं होतं डॉक्टरसाहेब. मी अशीच होती, हिच्यावाणी, अंगात काही नव्हतं. लेकरू बी गेलं आन् मी बी जातच होती. कोणी इचारलं नाही तवा, की इले पायजे का नको. तुम्ही इचारून राहिले, बरं केलं. नको. हिले नको."

डॉक्टरांनी पिल्लाला अलगद टोपलीत ठेवलं. मग म्हणाले, "बरं आई."

यजमानांच्या आधी एक मूल होतं, हे मला त्या खोलीत कळलं. सात वर्षं मी सासूबाईंबरोबर एका चुलीवर स्वयंपाक केला होता. त्यांचं एकेक टोचरं वाक्य माझ्या लक्षात होतं, आणि ही एवढी गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी टोपलीवरचं लुगडं उगीच सारखं करत राहिले. परतीच्या गाडीत वाटलं, त्यांचा हात धरावा. धरला नाही. आमच्याकडे सासूचा हात असा धरत नसत.

संक्रांतीनंतर आम्ही दोघी पुन्हा गेलो. ऑपरेशन झालं. भुलीतून ती उशिरा जागी झाली, तोवर सासूबाई दवाखान्याच्या पायरीवर जामसांवलीच्या मारुतीचं नाव घेत बसल्या होत्या. टाके ओले होते तोवर पिल्लू त्यांच्याच घोंगडीवर निजायचं. पुढे ते पुष्कळ वर्षं जगलं. मला मूल झालं नाही. मलाही पुढे बायकांच्या डॉक्टरांना दाखवलं, पण त्या वेळी माझ्यासाठी असं कुणी टेबलाजवळ जाऊन बोललं नाही, आणि मी स्वतःही बोलले नाही.

दुसऱ्यांदा परत आलो त्या संध्याकाळची गोष्ट. गल्लीत शिरलो तर ओट्यावरच्या बायकांनी टोपलीकडे बघून विचारलं, "काय करून आणलं वं बाई?"

सासूबाई मधोमध उभ्या राहिल्या आणि ढोर दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांइतक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "ऑपरेशन करून आणलं. पिल्लं होऊ नये म्हणून. अजून काही इचाराचं हाय?"

मी पदर कपाळापर्यंत ओढला, टोपली उचलली आणि त्यांच्या मागून घाईघाईनं घरात शिरले.