तीन नंबरचं पान

आमच्या ह्यांनी साठ वर्षं केळीवर प्रयोग केले, आणि त्यातल्या पहिल्याच प्रयोगावर मी वरण-बट्टी वाढली.

हे गेले तेव्हा शहाऐंशीचे होते. जळगाव-धुळ्याकडून माणसं भेटायला आली. कुणाची बाग ह्यांनी रोगातून वाचवली, कुणाच्या पोराला शेतीत परत आणलं, असं बरंच बोलली. मी आत बसून ऐकत होते. हा पहिला प्रयोग मात्र कुणी काढला नाही, कारण तो माहीत असलेली माणसं उरली नाहीत. मी उरले, म्हणून वहीत लिहून ठेवते. (वही कुणाला दाखवायची नाही.)

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली होती आणि माझं लग्न होऊन दीड वर्ष. माहेर दोंडाईच्याकडचं, मिरची-कापसाचं. सासर नशिराबादजवळ, चहूकडून केळीच केळी. माझी अहिराणी ऐकून सासरी सगळे हसत, म्हणून मी बोलणंच बंद केलं होतं. सासऱ्यांसमोर, म्हणजे आबांसमोर तर एक शब्द नाही.

ह्यांनी त्या वर्षी बांधाजवळची दहा झाडं प्रयोगाला घेतली. एक ते पाच नंबरला पेंडीचं खत, सहा ते दहाला नुसतं शेणखत. म्हशीच्या तोंडची पेंड केळीला घालतात हे आबांना मुळीच पटलं नव्हतं. त्यांनी एकच वर्ष दिलं. शेतकी खात्याचे साहेब येऊन प्रत्येक झाडाचं सगळ्यात मोठं पान मध्यावर मोजणार होते. त्यांनी मान डोलावली तर हे शेतीत राहणार, नाहीतर जळगावला कापसाच्या एका जिनात मुकादमी ठरवून ठेवलेली होती. हे जेवताना नीट जेवत नव्हते. मला यातलं एवढंच माहीत, की कोणी साहेब येणार आहेत. पानं मोजायची हे मला कुणी सांगितलं नाही. बायकांना कोण सांगतं!

साहेब आले त्या दिवशी पंगतीला दहा पुरुष. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, मला बागेत पिटाळलं. "पानं मोठी आन. सायेब जेवतीन."

बागेत गेले तर दहा झाडांच्या खोडांवर गेरूनं आकडे! आमच्याकडे केळीच्या व्यापाऱ्याचा माणूस येऊन कापायच्या झाडांना गेरू लावून जायचा. मी विचार केला, ही झाडं तशीही जाणारच आहेत, चांगल्या झाडांना कशाला हात लावा? (माझ्या काटकसरीचं अक्का नेहमी कौतुक करत.) मग प्रत्येक झाडाचं सगळ्यात मोठं पान निवडून कापलं. एकही चुकलं नाही. शेंड्याकडचा अर्धा भाग पंगतीला ठेवला, देठाकडचा म्हशींना घातला.

पंगत बसली. ह्यांनी बट्टी कुस्करून वरण ओतलं आणि हात तसाच थांबला. त्यांनी स्वतःच्या पानाकडे पाहिलं, साहेबांच्या पाहिलं, मग सगळ्या ओळीवरून नजर फिरवली. नंतर खाली मान घालून जेवत राहिले. मला वाटलं, मीठ जास्त झालं.

हात धुऊन साहेबांनी पिशवीतून टेप काढला आणि म्हणाले, चला, पानं बघू. हे म्हणाले, "साहेब, पानं आपण आत्ताच बघितली."

आबांनी जिनाचं नाव काढलंच. तेव्हा मला सगळं कळलं, आणि हातातलं वरणाचं पातेलं मी पदराखाली लपवलं, जणू त्यानं काही भागणार होतं. साहेबांनी शांतपणे विचारलं, उष्टी पानं कुठे आहेत? ती नुकतीच गोठ्यात पडली होती. हे धावले, साहेबांचा पट्टेवाला धावला. पट्टेवाल्यानं म्हशीचा कासरा धरला, ह्यांनी तिच्या तोंडातून दहावं पान ओढलं. धुऊन दहाही पानं अंगणात मांडली. पण कोणतं कोणत्या झाडाचं, कोण सांगणार? साहेब टेप गुंडाळू लागले.

आता ह्यांच्यात मुकादमाचा कोट घालायचं धैर्य नाही, हे मला ठाऊक होतं. मी दाराआडून म्हणाले, "अक्का, साहेबसनं पान तीन नंबरना झाडनं शे."

आबा वळले. "बोलते का हे? मले वाटे, मुकीच हाये."

कुणी हसलं नाही, म्हणून मी पुढचंही सांगितलं. एक नंबर आबांचं, दोन ह्यांचं; कापली त्याच क्रमानं मी पानं मांडली होती. कोणाला केवढं पान पडलं हे सून विसरत नाही. प्रत्येक पान दाखवून मी नाव आणि नंबर सांगायची, अक्का ते मोठ्यानं म्हणायच्या, साहेब मोजायचे आणि लिहायचे. पेंडीची पाचही रुंद निघाली. साहेब ह्यांना म्हणाले, "प्रयोग चालू ठेवा. नोंदी मात्र बाईंकडे द्या."

जिनाचा विषय तिथंच संपला. पण म्हशीच्या तोंडातलं ते दहावं पान मामांचं निघालं. मामा म्हणजे अक्कांचे सख्खे भाऊ, मानाला जपणारे. मी घाईत ते वाढलं होतं, आणि आता ते सगळ्यांत अरुंद असल्याचं सरकारी टेपनं, चारचौघांत सिद्ध झालं. मामा म्हणाले, म्हशीनं खाल्लेलं धरून मोजा. साहेबांनी तेही मोजलं. तरी ते अरुंदच.

मामांनी आमच्याकडे येणं सोडलं. आठ-नऊ वर्षांनी धाकट्या नणंदेच्या लग्नाला मात्र त्यांना यावंच लागलं, सख्खी भाची. पंगत बसली. मामांनी कोटाच्या खिशातून शिंप्याचा टेप काढला आणि आधी स्वतःचं, मग शेजारी बसलेल्या व्याह्यांचं पान मोजलं. हे माझ्याकडे बघायला लागले.

मी वाढत राहिले. मामांचं पान चार बोटं मोठं होतं. सकाळी तीनदा मोजूनच ठेवलं होतं मी.