दुसऱ्याच्या बाबागाडीला हात

कृपादान पारखे एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. त्यातली बावीस पाथर्डी डेपोत गेली. ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं, त्यांच्या वळकट्या, भांडी, कडेवरची पोरं, कधी एखादं करडू, हे सगळं एका गाडीत बसवायचं आणि कुणाचा पाय कुणाच्या अंगावर पडू न देता मुक्कामाला पोचवायचं, हेच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते आणि साराबाई लेकीजवळ राहात्याला राहायला आले. लेक एंजल तिथल्या दवाखान्यात नर्स होती. घरात बसून चार महिने झाले आणि कृपादानांना भिंती खायला लागल्या. तेव्हा नगर-मनमाड रस्त्यावरच्या ‘मौजनगरी’ या करमणुकीच्या बागेत माणसं घेताहेत असं कळलं.

“जलमभर गर्दी बघितली, आता परत गर्दीच?” साराबाई म्हणाल्या.

“ही मजेला आलेली गर्दी हाय. तिला घाई नसती,” कृपादान म्हणाले. पहिल्याच रविवारी त्यांना कळलं की मजेला आलेल्या माणसाइतकी घाई कुणालाच नसते.

त्यांना मिळालं ते काम बाबागाड्यांचं. मौजनगरीच्या मधोमध लहान मुलांची झुकझुक गाडी होती. तिच्या फलाटावर बाबागाडी नेता येत नसे. खाली उताराच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिथे गाड्या लावायच्या. दारात भाड्याने मिळणाऱ्या सगळ्या बाबागाड्या एकाच निळ्या रंगाच्या. वर खोल टप, ओढला की आतल्या मुलाचं तोंड दिसत नाही. मागे चाकाजवळ नंबर रंगवलेले होते, पण निम्मे पुसून गेलेले.

कृपादानांनी थोड्याच दिवसांत आपले नियम बसवले. वाटेच्या मध्ये गाडी थांबवायची नाही, कडेला घ्यायची. पुढच्याच्या टाचेला चाक लावायचं नाही. उतारावर गाडी उलटी धरून, आपण खाली राहून उतरायचं. दांड्यावर पिशव्या टांगायच्या नाहीत, कारण लेकरू उचललं की गाडी मागे कलंडते. हे ते कंडक्टरच्याच आवाजात सांगायचे: “ताई, ब्रेक. दादा, पिशवी काढा. चला, पुढं सरका, मागं लेकरं हायत.” लोक आधी हसायचे आणि मग ऐकायचे.

एक नियम मात्र त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. मूल आत असेल त्या गाडीला धन्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हलवावीच लागली तर आधी टप उचलून बघायचं, आणि काम झालं की होती त्याच जागी परत लावायची. हा नियम त्यांना एका जुन्या फेरीने शिकवला होता. हंगामाचे दिवस होते, तिसगावच्या पुढच्या फाट्यावर गाडी थांबली होती. त्यांनी खाली न बघता गाडी निघायची डबल बेल दिली. चार किलोमीटरवर एक बाई ओरडली, “माझी पोर ऱ्हायली वो!” ड्रायव्हरने भरलेली बस माघारी वळवली. पोरगी फाट्यावरच्या टपरीपुढे गाठोड्यावर बसून बिस्कीट खात होती. तिला काही झालं नव्हतं. पण त्या चार किलोमीटरांत आईचा जो आवाज निघत होता, तो कृपादानांच्या कानातून कधी गेला नाही.

भाऊबीजेनंतरचा रविवार होता. पुण्या-नाशकाकडच्या गाड्यांनी सकाळी दहालाच पार्किंग भरलं. दुपारी शेडमध्ये पाऊल ठेवायला जागा उरली नाही. लोक एका रांगेपुढे दुसरी रांग लावत होते. आपली गाडी फलाटाजवळ राहावी म्हणून दुसऱ्याची पायाने ढकलत होते. कृपादान इकडून ओरडले की तिकडून कुणीतरी घुसायचं. घसा बसला होता.

त्यातच खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरला. शिफ्टचे साहेब ज्ञानेश्वर वाबळे बोलत होते. “पारखे, फलाटावर एक बाई चक्कर येऊन पडल्यात. व्हीलचेअर येतेय. वाट मोकळी करा. लगेच!”

“साहेब, गाड्यांत लेकरं झोपलीत. आयांना हाका मारतो—”

“हाका कसल्या मारताय? लगेच म्हणालो ना!”

व्हीलचेअर उताराच्या तोंडाशी आलीच होती. कृपादानांनी डावीकडच्या चार गाड्या उजवीकडे सारल्या, उजवीकडच्या दोन पुढे ओढल्या. सगळ्या निळ्या, सगळ्यांचे टप खाली. बाईंना नेलं. मागोमाग माणसांचा लोंढा मोकळ्या झालेल्या वाटेत शिरला आणि गाड्या परत जागेवर लावायच्या राहूनच गेल्या.

पुढच्या दहा मिनिटांत त्यांना ते आठवलंही नाही. मग किंकाळी ऐकू आली.

“ही माझी ईरा नाहीये! हे कुणाचं बाळ आहे?”

तिशीतली एक बाई टप वर करून उभी होती. आत वर्षभराचा मुलगा झोपला होता, कपाळावर काजळाची तीट. बाईचं नाव प्रणिता. तिचा नवरा सुहास मोठ्या मुलाला घेऊन झुकझुक गाडीत बसला होता. ती चौदा महिन्यांच्या ईराजवळ थांबली होती. गाडी समोरून जाताना दोघांचा फोटो काढायला म्हणून ती कठड्यापर्यंत गेली, दहा पावलं फार तर. परतताना वाट मोकळी होईपर्यंत ती गर्दीत थोडा वेळ अडकली. आपली गाडी जिथे लावली होती तिथे गाडी नव्हती, म्हणून शेजारच्या गाड्या बघितल्या. एकीच्या दांड्याला आपल्यासारखीच ओढणी बांधलेली वाटली. टप उचलला तर आत हे.

 ती गाडी मघाशी कृपादानांनीच ओढली होती.

लोक गोळा झाले. “मुलगी पळवली,” कुणीतरी म्हणालं. “अदलाबदल केली वाटतं,” दुसरं. मोबाईल वर झाले. सुहास फलाटावरून उडी टाकून आला आणि बायकोवरच ओरडला, “तू कुठे होतीस?”  ती एकेका गाडीचा टप उचलत पळत होती आणि ज्यांच्या गाड्या होत्या ते लोक तिच्यावर खेकसत होते.

वाबळे धापा टाकत आले. “दारं बंद करायला सांगितलीत. आता अनाऊन्स करतो, मूल चोरीला गेलंय, कुणी बाहेर जाऊ नका.”

“आसं बोलू नका साहेब,” कृपादान म्हणाले. “दोन हजार मानूस हाय. चोरी म्हनलं की जो तो आपलं लेकरू उचलून दाराकडं पळंल. उतारावर गाड्यावर गाड्या पडतील. चेंगरून मरतील पोरं.”

“मग काय करू?”

“हे पोरगं बघा की. कुनी चोरायला आला तर आपलं पोर मागं ठेवून जाईल का? ज्याचं हे हाय, त्याच्याकडंच ती मुलगी हाय. त्याला अजून कळलंच न्हाई.” ते वाबळेंच्या जवळ सरकले. “साहेब, गाड्या मीच हलवल्या. त्या बाईला न्यायच्या वेळी. परत लावल्या न्हाईत.”

वाबळेंनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “हे दुसऱ्या कुणापुढे बोलू नका. अजिबात नाही. समजलं?”

कृपादानांनी त्यांच्याकडे माईक मागितला. वाबळेंनी क्षणभर बघितलं आणि दिला.

“ऐका,” कृपादानांचा आवाज मौजनगरीच्या प्रत्येक खांबावरच्या भोंग्यातून घुमला, बसलेला, पण ठाम. “सगळ्यांनी आपापली बाबागाडी हाय तिथंच उभी करा. ब्रेक लावा. आता टप वर करा आनि आत बघा, आपलंच लेकरू हाय का. दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नका. फक्त आपली बघा. दुसरं लेकरू असंल तर भिऊ नका. हात वर करून तिथंच थांबा. चूक कुनाची न्हाई.”

शेवटचं वाक्य खोटं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

चालती गर्दी थांबली. ब्रेकचे खटके ऐकू येऊ लागले, आधी जवळचे, मग लांबचे. टप वर जात होते. एक आजी आत बघून हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला. कुणीच हात वर केला नाही. प्रणिताने कृपादानांचा दंड धरला होता. तिची नखं शर्टातून रुतत होती. त्यांनी तोच मजकूर पुन्हा सांगितला. मिनिट गेलं. दुसरं गेलं. त्या शांततेत झुकझुक गाडीचं गाणं कुणी बंद केलं नव्हतं, ते वाजतच होतं.

मग लिंबाच्या झाडांकडून एक म्हातारा आवाज फुटला. “आरं, वरद कुठाय? आमचा वरद कुठाय रं?”

आणि लगेच दुसरा, तरुण आवाज, “हाच तो! धरा त्याला!”

कृपादान पळाले. गुडघा दुखत होता, कधीपासूनचा, पण ते पळाले. प्रणिता त्यांच्या पुढे गेली होती. झाडाखाली पंधरावीस माणसांनी एका म्हाताऱ्याला घेरलं होतं. धोतर, पांढरी टोपी, ती खाली पडलेली. एकाने त्याची गचांडी धरली होती. शेजारी निळ्या गाडीत ईरा जागी होऊन भोकाड पसरून रडत होती आणि चार मोबाईल तिचं शूटिंग करत होते.

“म्या न्हाई काय केलं,” म्हातारा म्हणत होता. “सुनंनं बसवलं हुतं मला गाडीपशी. पानी प्यायला गेल्तो. आलो तं गाडी तिथंच हुती. ऊन लागंल म्हून सावलीत आनली.” त्याचे हात जोडलेले होते. “माजं पोरगं कुठाय, तेवडं सांगा.”

“नाटक करतोय,” गचांडी धरणारा म्हणाला आणि त्याने हात उगारला.

“सरका! मागं सरका!” कृपादान ओरडले. एकतीस वर्षांच्या सवयीचा तो आवाज होता, लोक सरकले. ते मध्ये घुसले आणि म्हाताऱ्याच्या पुढे उभे राहिले. उगारलेला हात त्यांच्या कानशिलाला लागला. चष्मा उडाला. “ह्यांना हात लावू नका. ह्यांनी काय केलं न्हाई. गाड्या मी हलवल्या. न विचारता हलवल्या, आनि परत लावल्या न्हाईत. मारायचं तर मला मारा.”

मागून आलेल्या वाबळेंनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

गर्दीला काय करावं ते कळेना. ज्याला मारायचं तो समोर स्वतःहून उभा होता, अंगात गणवेश, वय साठीला टेकलेलं. हात खाली आला. कुणीतरी चष्मा उचलून दिला. एक काच तडकली होती.

प्रणिताने ईराला उराशी धरलं होतं आणि ती खाली मातीतच बसली होती. पाच मिनिटांत वाबळे झोपलेल्या वरदला घेऊन आले. त्यांच्या मागून वरदचा बाप करण आणि त्याची बायको रडत पळत आले. ते पाथर्डीकडचे होते. म्हाताऱ्याचं नाव सहादेव. त्यांनी नातवाच्या गालावरून बोटं फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली, जणू डोळ्यांवर आता त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

“आप्पा, टप उचलून बघायचं तरी,” करण म्हणाला.

“झोपलेलं हाय म्हून उचलला न्हाई रं.”

प्रणिता उठली. ती सहादेवांजवळ गेली, त्यांची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. मग कृपादानांकडे वळली.

“तुम्ही हलवलीत? माझं बाळ आत असताना? न विचारता?”

“व्हय ताई. न विचारता.”

ती बघत राहिली. कृपादानांना वाटलं, काहीतरी बोलेल, शिवी देईल, म्हणजे आपल्याला बरं वाटेल. ती मुलीला घेऊन दाराकडे चालू लागली. सुहास मागून मोठ्या मुलाला ओढत गेला.

संध्याकाळी ऑफिसात लेखी जबाब झाला. वाबळे म्हणाले, “सांगितलं होतं ना तोंड बंद ठेवा म्हणून? आता वरच्यांना काय सांगू?” कृपादानांना कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं, परत बोलावू तेव्हा बघू.

घरी ते जेवले नाहीत. साराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “तुमी बोलला नसता तर त्या म्हाताऱ्याला मारून टाकलं असतं लोकांनी,” त्या म्हणाल्या.

“बोललो ते ठीक. पन हलवल्या बी मीच ना.”

साराबाईंनी ताट झाकून ठेवलं.

नाताळच्या आधी वाबळेंचाच फोन आला. गर्दी वाढणार होती आणि बाबागाड्यांकडे उभं राहायला कुणी तयार नव्हतं. कृपादान म्हणाले, येतो, पण एक अट हाय. प्रत्येक गाडीला नंबराची कापडी पट्टी, तोच नंबर आईबापाच्या मनगटाला. मूल आत असेल तर नंबर पुकारायचा, धनी आल्याशिवाय गाडीला कुणी हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही.

“आणि व्हीलचेअर आली तर?”

“तरी बी पुकारायचा.”

वाबळे मग म्हणाले, “पट्ट्या शिवून घेतो.”

सव्वीस डिसेंबरला तसाच प्रसंग आला. फलाटावर एका आजोबांचा पाय मुरगळला, शेड भरलेली होती. कृपादानांनी नंबर पुकारायला सुरुवात केली. चौदा. एकवीस. सदतीस. माणसं इकडून तिकडून येत होती, आपापल्या गाड्या काढत होती, मुलांकडे बघत होती. रांगेत उभी असलेली एक बाई वैतागली.

“काका, ढकला की बाजूला. किती वेळ लावताय!”

“लागतो ताई थोडा,” कृपादान म्हणाले आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.