राणीची हनुवटी

झारकांना केस नसतात, कान नसतात आणि माणसांबद्दल दयामाया तर नावालाही नसते. गेली सात वर्षं दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता ते टीव्हीवर येतात, पृथ्वीवर हल्ला करतात, पाऊण तास माणसांच्या नाकी नऊ आणतात आणि हरून पुढच्या शनिवारपर्यंत आपल्या ग्रहावर परत जातात. या झारकांची झाडून सगळी तोंडं एकाच बाईने केलेली आहेत. ती तिसऱ्या मजल्यावर नवरा आणि सासूबाईंबरोबर राहते, तिच्या नखांत कायम प्लास्टर असतं आणि स्टुडिओत तिला सगळे मुखवटेबाई म्हणतात.

मुखवटेबाईंची कामाची खोली स्टुडिओच्या मागच्या अंगाला आहे. एक खिडकी, एक भट्टी आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेली डोकी. आधी नटाच्या डोक्याच्या साच्यावर मातीने झारक घडवायचा, मातीवरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यात पातळ रबर ओतून भट्टीत भाजायचं, मग पावडर मारून अलगद सोलायचं आणि रंगवायचं. एक मुखवटा आठवडाभर टिकतो. मग घामाने त्याच्या कडा फाटतात, म्हणून एकेका तोंडाच्या पाच-सहा प्रती आधीच ओतून ठेवाव्या लागतात. एवढं सगळं करून मालिकेच्या शेवटी बाईंचं नाव इतक्या वेगाने वर सरकतं की खुद्द त्यांनाही ते अजून पुरतं वाचता आलेलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या आठ वर्षांत सासू-सुनेचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायला बोलावं लागतं. सासूबाईंना काही सांगायचं असलं की त्या मुलाला सांगायच्या, "तिला म्हणावं, ते रबराचा वास मारणारे कपडे वेगळे वाळत घाल." आणि ‘ती’ त्याच खोलीत, दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. सून काय करते असं कुणी विचारलं, तर सासूबाई म्हणायच्या, "प्लास्टरचं काम." आता ती भिंती लिंपते की मोडलेली हाडं बसवते, हे ऐकणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं. राक्षसांची तोंडं करते, हे त्यांच्या जिभेवर कधी आलं नाही.

सासूबाईंनी स्वतः एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. कानाला यंत्र, समोर तारांची भिंत आणि तोंडात एकच वाक्य, "बोला, कोणता नंबर?" त्या आवाजात असा काही वचक होता की पलीकडचा माणूस नंबर विसरला तर आधी माफी मागायचा. निवृत्त झाल्यावरही तो आवाज घरात तसाच राहिला. मुलगा चाळिशीला आला तरी त्या आवाजासरशी पाय खाली घेऊन बसतो.

आणि मग सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दीड महिन्याने डाव्याचं. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब. पहिल्या दिवशी मुलाने घातले. दोन कपाळावर पडले, एक कानात गेला. सासूबाई म्हणाल्या, "तिला म्हणावं, तू घाल." सून समोरच होती. तिचा हात पक्का होता. रोज नखाएवढ्या खवल्यांवर कोरीवकाम करणारा हात तो. डाव्या हाताचा अंगठा हनुवटीच्या खळीत टेकवायचा, चेहरा वर करायचा, उकळलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पापण्या पुसायच्या, थेंब घालायचा. तीन महिने हेच चाललं. स्टुडिओ दहा मिनिटांवर असल्यामुळे दुपारचा थेंबही ती पळत येऊन घालून जायची.

थेंब घातला की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या पाच मिनिटांत सासूबाई बोलायला लागल्या. समोरचा माणूस दिसत नसला की त्यांना बोलणं सोपं जात असावं. एकतीस वर्षांची सवय. एक्स्चेंजमधल्या गमती झाल्या, सासऱ्यांच्या तऱ्हा झाल्या, मोठ्या जाऊबाईंचा जाच झाला. "तिला म्हणावं" कधी गळून पडलं आणि "अगं, ऐक ना" कधी आलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकदा तर रबराच्या वासाला नाक न मुरडता त्यांनी विचारलं, "आज कुणाचं डोकं केलंस?" सून त्या दिवशी स्टुडिओत गाणं गुणगुणत परत गेली. आठ वर्षांनी तिला घरात घरासारखं वाटायला लागलं होतं.

याच दिवसांत झारकांच्या राणीचं काम आलं. चित्रकाराने शिंगं, खवले, मुकुट सगळं काढून दिलं होतं, पण चेहरा बाईंवर सोपवला होता. दिग्दर्शक एवढंच म्हणाला, "बाई, ही ओरडणार नाही, शस्त्र उचलणार नाही. नुसतं बघितलं तरी समोरचा उभा राहिला पाहिजे." एरवी बाईंना एका चेहऱ्याला पंधरा दिवस लागतात, हा चार दिवसांत झाला. बोटं आपोआप चालत होती. मातीचा चेहरा बघायला दिग्दर्शक आला, खुर्चीत बसला, आणि बसल्या बसल्या उठून उभा राहिला. का उठलो, ते त्याला सांगता येईना. साचा निघाला, सहा मुखवटे ओतले गेले.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी दोन शॉटच्या मधे राणी झालेली नटी मुखवट्यासकट नळीने चहा पीत बसली होती. चहा संपला. तिने ओठ मिटले, हनुवटी थोडी पुढे काढली आणि चहावाल्याला म्हणाली, "साखर कमी आहे."

मुखवटेबाईंनी मान वर करून पाहिलं. समोर सासूबाई बसल्या होत्या. शिंगं होती, अंगावर हिरवे खवले होते, पण सासूबाईच होत्या. तोच गालाच्या हाडाचा उंचवटा, ओठांच्या कोपऱ्याची तीच खाली वळलेली घडी आणि हनुवटीची तीच खळी, जिच्यात बाईंचा अंगठा रोज चार वेळा टेकत होता. डोक्यात काही नव्हतं हो तिच्या! हात जे रोज शिकत होते, तेच त्यांनी मातीत उतरवलं होतं. पण हे कोण ऐकून घेणार? सुनेने सासूला राक्षसीण करून गावभर दाखवली, असंच कुणीही म्हणेल.

बदलायला आता काही उरलं नव्हतं. साचा पक्का, प्रती तयार, शूटिंग सुरू. घरी येऊन तिने नवऱ्याला फोनमधला फोटो दाखवला. त्याने नकळत पाय खाली घेतले.

"आई ओळखणार नाही," तो म्हणाला. "माणसाला स्वतःचं तोंड कुठे ओळखू येतं?"

"तुम्हाला आलं ना."

"मला येणारच. मी घाबरलेलो आहे लहानपणापासून."

खरी गोम पुढेच होती. दोन्ही डोळे लख्ख झाल्यापासून सासूबाईंना मालिकेचं वेड लागलं होतं. सात वर्षं धुरकट दिसणारे झारक आता त्यांना खवल्याखवल्याने दिसत होते. "हे सगळं तू करतेस?" असं त्यांनी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणालातरी सांगितलंही होतं, "आमची सून मुखवटे करते." प्लास्टरचं काम नाही, मुखवटे! एवढं मिळवलेलं आता एका शनिवारी मातीत जाणार, या विचाराने बाईंची झोप उडाली. आठवडाभर तिला जेवण गेलं नाही. परत ते "तिला म्हणावं" सुरू होईल, आणि या वेळी ते कायमचं असेल.

राणी पहिल्यांदा दिसणार त्या शनिवारी तिने जमेल ते करून पाहिलं. "आज बागेत जाऊ या का?" सासूबाई म्हणाल्या, "राणी येणार आहे ना आज?" नवऱ्याने टीव्हीची तार हळूच सैल करून ठेवली होती, सासूबाईंनी स्वतः उठून ती घट्ट केली. त्यात शेजारच्या काकू येऊन बसल्या. या काकूंच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या इमारतीला ठाऊक.

सात वाजले. युद्ध झालं, जहाजं जळली, झारकांचे सेनापती गुडघे टेकून बाजूला झाले आणि राणी आली. मोठ्या पडद्यावर, समोरून, पूर्ण चेहरा. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. नवरा सोफ्यावर सावरून बसला.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "हे तोंड मी कुठेतरी बघितलंय." त्या डोळे बारीक करून आठवू लागल्या. पडद्यावरून त्यांची नजर खोलीत फिरली, नवऱ्यावर आली, तिथून सासूबाईंकडे वळू लागली. 

"माझ्या मोठ्या जाऊबाई," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हुबेहूब. आता त्या नाहीत, पण फोटो होता पूर्वी बैठकीत, त्यातच बघितलं असेल तुम्ही. हिने त्यावरूनच केलंय. चांगली खोड मोडलीस गं त्यांची."

"तेच म्हटलं!" काकूंचं समाधान झालं. "बघूनच कजाग वाटतात."

सुनेचा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे कसा, तिला तिथेच हसू फुटलं आणि खोकल्याचं निमित्त करून ती स्वयंपाकघरात पळाली. नवरा मागोमाग आला. दोघंही ओट्याला टेकून, तोंडावर हात दाबून हसत राहिली. त्या रात्री ती दोन वेळा वाढून घेऊन जेवली आणि आठवड्याची झोप एका दमात झोपली.

सकाळी थेंबाची वेळ झाली. डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टरांनी सकाळचा एक थेंब चालू ठेवला होता. तिने अंगठा खळीत टेकवला, चेहरा वर केला, थेंब घातला. सासूबाईंनी डोळे मिटले.

"मोठ्या जाऊबाईंच्या हनुवटीला खळी नव्हती," त्या म्हणाल्या.

सुनेचा हात तिथेच थांबला.  "मी मुद्दाम नाही केलं," एवढंच कसंबसं तोंडून निघालं. "खरंच सांगते, आई. हातांनी आपोआप केलं. मला शूटिंगच्या दिवशी कळलं."

"ठाऊक आहे. मुद्दाम केलं असतंस तर इतकं चांगलं जमलं नसतं."

"मग काकूंना तसं..."

"त्यांना कशाला सांगू? तो आपल्या दोघींतला मामला आहे." सासूबाईंचे डोळे मिटलेलेच होते. "एकतीस वर्षं लोकांनी माझा आवाज ऐकला. तोंड कुणी बघितलं नाही. तुझे सासरे, देव त्यांचं भलं करो, जन्मभर पेपरामागून बोलले. पोरगा मान खाली घालूनच वाढला. माझ्या ओठांच्या कोपऱ्याला घडी पडते, हे मलाही काल समजलं. इतकं नीट मला कुणी बघितलंच नव्हतं गं."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर पोटात धरलेली भीती त्या पाण्याबरोबर उतरली आणि अंग एकदम हलकं झालं. तिने कापसाने आधी सासूबाईंच्या पापण्या पुसल्या, मग त्याच कापसाने स्वतःच्या.

पाच मिनिटं व्हायची होती, तरी सासूबाईंनी डोळे उघडले आणि सुनेचा हात धरून आपल्या कपाळाशी नेला.

"पण एक चुकलंय तुझं. माझ्या डाव्या भुवईचं हाड उजवीपेक्षा वर आहे. हात लावून बघ. नवा साचा काढून पुढची सहा तोंडं ओतशील तेव्हा नीट कर."