सहस्रचंद्रदर्शनाची यादी

सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या यादीत मला आजही फक्त बघायची परवानगी आहे. यादी मीच केली होती.

बसवनगुडीतला आमचा आचारी शिस्तीचा. शुक्रवारी पाचच्या आत आकडा सांगा, नंतर एक पानही वाढणार नाही, असं त्याने बजावलं होतं. म्हणून मी ऑनलाइन एक्सेल शीट केली. त्यात सगळ्यांची नावं, पुढे 'येणार का?' हा रकाना आणि खाली जितके 'हो' तितके मोजणारा फॉर्म्युला. बदल मी करायचे. बाकीच्यांनी नुसतं बघायचं आणि मला फोनवर कळवायचं.

तासाभरात हुबळीहून मोठ्या जाऊबाईंचा, आमच्या अक्कांचा फोन. "मी घरातली थोरली, आणि मी नुसतं बघत बसायचं?"

अक्कांना बदल करायचा हक्क दिला. मग आत्यांना न देऊन कसं चालेल? आत्यांना दिला, तर धाकट्या काकांचं काय? (आमच्याकडे आहेराची साडीसुद्धा मानाच्या क्रमाने निघते!) शेवटी मालक म्हणून माझं नाव दिसतंय हे नवऱ्याला खटकलं, तेव्हा मालकीही अक्कांच्या नावावर करून मी मोकळी झाले.

शुक्रवारी चार वाजता फॉर्म्युल्याने आकडा दिला: दोन.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीत पुतणीला, केतकीला फोन लावला. कंपनीत कुणाला काय दिसावं आणि काय नाही, हे ठरवणं हीच तिची नोकरी. तिने यादी पाहिली. "काकू, फॉर्म्युला बरोबर आहे. आपल्या घरात 'हो' कोण म्हणतं?"

खरंच. रकान्यात 'बघू' होतं, 'प्रयत्न करते' होतं, 'गुडघा म्हणेल तसं' होतं. 'हो' दोघांचंच: केतकीचं, आणि नवऱ्याचं. तेही मी शेजारी उभी होते म्हणून.

रकान्यात 'हो' किंवा 'नाही' एवढंच निवडता येईल असं कर, असं केतकीने शिकवलं. मी लागले कामाला. तिकडे आपल्या यादीत कुणीतरी खाडाखोड करतंय हे अक्कांनी पाहिलं आणि सगळ्यांचे बदल करायचे हक्क काढून टाकले. (कसे, ते त्यांना अजूनही सांगता येत नाही.) मी लगेच परवानगी मागणारा मेल पाठवला. उत्तर नाही. फोन केला.

"तुझ्या नावाने काहीतरी आलं होतं, ते मी पुसून टाकलं," अक्का म्हणाल्या. "असल्या मेलमध्ये काही दाबायचं नाही, तूच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं. तीन वेळा, उदाहरणांसहित.

पाचला वीस मिनिटं उरली. शेजारी अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "वाच बघू, कुणी काय लिहिलंय."

मी वाचत गेले, त्या सांगत गेल्या. काकांचं 'बघू' म्हणजे चौघं येणार. 'प्रयत्न करते' म्हणजे येत नाही. आणि गुडघेवाल्या आत्या? "ती सगळ्यांच्या आधी येऊन बसेल." शेवटची शेंग सोलून त्यांनी बेरीज सांगितली. "मला धरून शहात्तर."

आचारी "सरी" म्हणाला, म्हणजे ठरलं.

त्या दिवशी शहात्तर केळीची पानं मांडली, शहात्तर माणसं बसली. वाढप आटोपून मी हात धुऊन आले, तर मला पान नव्हतं. यादीत अख्खं कुटुंब होतं, फक्त मी स्वतःला घालायची विसरले होते.

"ये गं," अक्का सरकून म्हणाल्या, "स्वल्प इकडे हो. माझ्याच पानावर बस." दोघी एका पानावर जेवलो. पुरणाच्या होळिगेचा मोठा तुकडा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी स्वतःचं नाव रीतसर घालावं म्हणून यादी उघडली. आणि नुसतं बघत बसले.