आक्कांचा चेहरा

आक्का कोरफड द्यायच्या, पण रागावल्याशिवाय नाही. कसबा बावड्यात आमच्या शेजारी त्यांचं घर. मागच्या परसात कोरफड, ओली हळद, तुळस, कडुनिंब असा सगळा पसारा. कुणी कोरफडीचं पात मागायला आलं, की आक्का कमरेवर हात ठेवून उलटतपासणी घ्यायच्या. "कशाला पायजे? कुठं लावणार? जखम मिटलीया का उघडी हाय?" उत्तर पटलं नाही तर, "झाड माझं असलं तरी कातडं तुझं हाय, आधी दवाखान्यात जा," असं म्हणून दार लावून घ्यायच्या.

आक्का जैन शेतकरी घरातल्या. नवऱ्यामागं शेती त्यांनीच सांभाळली. तरुणपणी स्टोव्हच्या भडक्यात त्यांची हनुवटी आणि मान भाजली होती. कातडं आक्रसून खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता. लग्नात फोटोची वेळ आली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "आक्का, तुम्ही मागं उभ्या राहा, उंच आहात." आक्का मुळीच उंच नव्हत्या. आजही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

साठी जवळ आल्यावर त्यांनी प्लास्टिक सर्जनकडून ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. पोटच्या पोरानं घर सोडलं असावं तसा घरात गहजब झाला. त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, "ह्या वयात कुणाला दाखवायचंय तोंड?"

"मला," आक्का म्हणाल्या. "आरशात रोज मीच बघते की."

ऑपरेशन झालं आणि आधी हसणारीच माणसं औषधं घेऊन हजर झाली. कुणी हळदीचा लेप आणला, कुणी लोणी, कुणी कसलासा वाटलेला पाला. आक्कांनी सगळं आल्या पावली परत पाठवलं. मी विचारलं, "आणि तुमची कोरफड?"

"डॉक्टरला विचारलंय. टाक्यांवर काय बी लावायचं न्हाय म्हणाला. कातडं नीट जुळू दे, मग आधी हातावर लावून बघायची, मग हनुवटीला."

त्यांनी तसंच केलं. जखम पुरती भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच कोरफडीचा गर लावायला लागल्या. उन्हात जाताना पदरानं हनुवटी झाकून घ्यायच्या. "गार वाटतंय, खाज कमी येती. बास. ह्याच्याहून जास्त कोरफडीला येत न्हाय," असं त्या येईल त्याला सांगायच्या. ओठ सरळ झाला होता. आक्का हसल्या की आता दोन्ही बाजूंनी हसायच्या.

आमच्या गल्लीतली सायली कागलच्या एमआयडीसीत नोकरीला होती. तिचं लग्न ठरताना मुलाकडच्यांनी अट घातली, गालावरचा मोठा तीळ काढून घ्या. अट! आणि तिच्या आईवडिलांनी ती मुकाट्यानं मानली. तीळ काढला. टाके नुकतेच निघाले होते, कातडं अजून कोवळं होतं, तोवर होणाऱ्या सासूनं एक बरणी पाठवली. डाग झटपट घालवणारा वनौषधी लेप. सायलीनं तो लावला आणि गाल फोडांनी भरला.

आक्कांनी तिला आधी सर्जनकडं नेलं. मग आम्ही तिघी लेप विकणाऱ्याच्या दुकानात गेलो.

"पावणं, ह्यात काय काय घातलंय?"

"सगळं नॅचरल आहे, मावशी. अपाय काहीच नाही."

"बिब्बा पण झाडालाच लागतोय की! लावा बघू तुमच्या गालाला. उतल्याशिवाय ऱ्हातोय काय?"

दुकानदारानं सायलीकडं पाहिलं. "ह्यांची स्किनच नाजूक दिसते."

"म्हंजे चूक पोरीच्या कातड्याची व्हय?" आक्कांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. हातात बरणी धरून उभी असलेली एक बाई ती ठेवून निघून गेली. दुकानदारानं बरण्या आत नेल्या. पुढं आक्कांनी तक्रारही केली. त्या तक्रारीचं काहीच झालं नाही. नवं लेबल लावून त्याच बरण्या पुन्हा फळीवर आल्या, आजही आहेत.

गालावर डाग राहिला म्हणून मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. "बरं झालं, सुटली," असं गल्ली म्हणायला लागली, तेव्हाही आक्काच भडकल्या. "बरं काय झालं त्यात? पोरीचा गाल भाजलाय!" महिनोन्‌महिने त्या सायलीबरोबर दवाखान्यात जात राहिल्या. डाग फिका झाला, पण गेला नाही.

गेल्या हिवाळ्यात आक्का झोपेतच गेल्या. बाहेरगावाहून भेटायला आलेल्या बायकांनी खोली भरली होती. जाऊबाई डोळे पुसत सांगत होत्या, "आमच्या आक्कांनी नुसत्या कोरफडीनं तोंड बरं केलं. चाकू लावू दिला नाही." बायका माना डोलवत होत्या. एकीनं तर पात कुठं मिळेल असं विचारलंसुद्धा.

मी तोंड उघडणार, तोच पाणी देत फिरणारी सायली थांबली.

"खोटं हाय ते. आक्कांनी ऑपरेशन केलंतं. सवताच्या मर्जीनं. त्यास्नी चांगलं दिसायचं होतं, आणि त्या दिसत होत्या."

"अगं, गेलेल्या माणसाबद्दल आता कशाला?" जाऊबाई पुटपुटल्या.

"म्हणूनच खरं बोला," सायली म्हणाली. "आता भांडायला त्या यायच्या न्हाईत."