नाकारलेले तुकडे

लिहिणाऱ्यांच्या पंगतीत बसायची माझी पात्रता नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, आणि आजवर लिहिलं ते बहुतेक कॉम्प्युटरसाठी. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट गिळून टाकणं मला जमत नाही.

शेवटच्या वर्षी आमच्या गटाने कॉलेजच्या लायब्ररीसाठी पुस्तकं शोधायचा प्रोग्राम करायला घेतला. मराठी पुस्तक मराठीत टाइप करून सापडावं, एवढा भाग माझा. पहिल्या वर्षी पुस्तकाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग जमेना म्हणून मी काउंटरवर अडलो होतो आणि मागची रांग चुकचुकली होती. म्हणून तो भाग मी मागून घेतला होता.

गटप्रमुख पुण्यातलाच, कर्वेनगरचा, घरी स्वतःचा कॉम्प्युटर. मी होस्टेलवर. लॅब उघडेपर्यंत त्याने मूळ फाइल बदललेली असायची. माझे बदल तिला लावायला गेलं की कॉम्प्युटर त्यातले निम्मे तुकडे बाहेर काढायचा आणि ‘नाकारले’ म्हणून वेगळ्या फाइलमध्ये टाकायचा.

“या, आपलीच वाट बघत होतो,” गटप्रमुख म्हणायचा. “तुमचं मशीननेच नाकारलंय. आम्ही नाही हो.”

सगळे हसायचे. मीही हसायचो. वाटायचं, आपलंच चुकत असेल.

मग एके दिवशी तो म्हणाला, “मराठी राहू दे आता. इंग्रजीत टाकून शोधतील लोक.”

त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या मशीनवर फायली जुळवायचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम उघडला. मधे मूळ फाइल, डावीकडे त्याचे बदल, उजवीकडे माझे, फरक रंगवलेले. बघतो तर माझ्या ओळी धड होत्या. त्या जिथे बसायच्या तो भाग त्याने खाली सरकवला होता आणि मशीन जुन्या जागी शोधत होतं. नाकारलं म्हणजे चूक ठरवलं नव्हतं. जागा सापडली नव्हती, एवढंच.

“चित्रं बघून प्रोग्रामिंग?” गटप्रमुख मागे येऊन उभा राहिला. “बालवाडीत नाव घातलंस का?”

“हो. दिसतं तरी. तुझी एकही ओळ काढलेली नाही, बघ.”

“फाइल माझीच जाणार.”

“दोघांची जाईल. नाहीतर प्रोजेक्टच्या सरांकडे दोन जातील.”

खुर्ची मी सोडली नाही. उशिरा आलेल्याने जुळवून घ्यायचं, हा कॉम्प्युटरचा नियम मी मानला. उशिरा आलेल्याचं फेकून द्यायचं, हा नियम कुणाचा? तो मी तेव्हा मानला नाही, आज हिंजवडीच्या ऑफिसातही मानत नाही. एकेक रंगीत ओळ तपासत मी सगळं जोडलं, चालवून पाहिलं आणि सरांकडे नेलं. त्याने त्याची फाइल नेली.

सर म्हणाले, “लायब्ररीत एकच लागेल. बघून ठरवतो.”

सुट्टी लागली, मी गावी गेलो. घरी फोन नव्हता. गटाला शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर देऊन आलो होतो; फोन आला का, म्हणून रोज तिथे विचारायचो, दुकानदार नकारार्थी मान हलवायचा. एका दुपारी त्यानेच हाक मारली. पलीकडे गटप्रमुख होता.

“सरांनी दोन्ही चालवून पाहिल्या,” तो म्हणाला. “तू जोडलेली लावलीय. काउंटरवर लोक मराठीत शोधतायत. ठेवतो.”