पदरातला शिक्का

बायकांसाठी सरपंचपदं राखीव झाली, त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मध्य प्रदेशात लामत्याहून बालाघाटला येताना बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसली होती. पदराची गाठ तिनं मुठीत घट्ट धरली होती. मी जरा हलले, तरी ती संशयानं बघायची. ती काहीतरी चोरून नेते आहे, असं मलाही वाटू लागलं.

शेवटी मी विचारलंच, "गाठीत काय आहे?"

"पंचायतीचा ठप्पा," ती हळूच म्हणाली. "मी सरपंच आहो. घरी ठेवला होता, त विहीर खोदली म्हणून कागद गेला. गावात विहीर कुठीच नाई."

"ठप्पा कोणी मारला?"

तिनं फक्त पुढच्या बाकावर पेंगणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं.

बालाघाटला उतरताच त्यानं हात पुढे केला. "आण तो ठप्पा. तू इथंच बस, मी जनपदमधून येतो."

"तुम्हीच बसा," ती म्हणाली. "मले जाऊ द्या."

जनपदच्या, म्हणजे तालुका पंचायतीच्या, ऑफिसची वाट तिनं मला विचारली. मी नीट सांगितली. तरी तिनं रिक्षावाल्यालाही विचारून खात्री केली, मगच निघाली.

मला राग आला नाही. माझ्यावर तरी तिनं का विश्वास ठेवावा?